संघसरावात परतणे (दीर्घ दुखापतीनंतर)

मोठ्या दुखापतीमुळे काही महिने मैदानाबाहेर राहिलेला खेळाडू उपचार आणि एकट्याने करायचा व्यायाम आटोपून पुन्हा सहकाऱ्यांबरोबर सराव सुरू करतो, तो टप्पा. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे भरलेल्या क्रीडा-भौतिकोपचार परिषदेतून तयार झालेले एकमताचे निवेदन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात परतीच्या वाटेवर तीन थांबे मानले आहेत : सरावात सहभाग, प्रत्यक्ष खेळात परतणे आणि पूर्वीची कामगिरी गाठणे. संघसराव हा यातील पहिला थांबा. आपल्याकडे मात्र ‘प्लॅस्टर निघाले, आता उतर मैदानात’ असे म्हणून तिन्ही थांबे एकाच दिवसात उरकले जातात. बरी होत आलेली दुखापत पुन्हा उलटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

या विषयाचा सर्वाधिक अभ्यास गुडघ्याच्या आतील पुढच्या अस्थिबंधाबाबत झाला आहे. मैदानावर सगळे त्याला ‘एसीएल’ म्हणतात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना आतून बांधून ठेवणारा हा बंध धावता धावता एकदम दिशा बदलताना किंवा उडीनंतर पाय वेडावाकडा पडल्यास फाटतो. तो पूर्ण तुटला तर मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेऊन नवा बंध बसवतात. बसवलेली कंडरा लगेच बंधासारखी होत नाही. पहिल्या काही महिन्यांत ती उलट कमकुवत होते आणि मग सावकाश नव्याने घडते. वेदना गेलेली असते, सूज उतरलेली असते, चालताना काही जाणवत नाही. आतले काम मात्र अर्धेच झालेले असते. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवले, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. म्हणून आता तारखेबरोबर कसोट्याही पाहतात. दुखावलेल्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के असावी आणि एका पायावरच्या उडीचे अंतरही त्याच प्रमाणात भरावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

ताकद भरली तरी मनातली धास्ती जात नाही. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर कोणत्या ना कोणत्या खेळात परतणारे ८१ टक्के असतात, पण स्पर्धात्मक पातळीवर परतणारे ५५ टक्केच, असा निष्कर्ष २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात निघाला. हा फरक केवळ गुडघ्यामुळे पडत नाही. खेळाडूच्या मनाची तयारी मोजण्यासाठी १२ प्रश्नांची प्रश्नावली वापरात आहे. चांगला प्रशिक्षक हेच डोळ्यांनी टिपतो : वळताना खेळाडू पाय टाकायला कचरतो का, चेंडूपेक्षा स्वतःच्या गुडघ्याकडे जास्त बघतो का.

एकट्याच्या व्यायामात पुढची हालचाल खेळाडूला आधीच ठाऊक असते. संघात ती समोरचा ठरवतो. कबड्डीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. गुडघ्याच्या दुखापतीतून उठलेला चढाईपटू एकटा पायचाल सहज करतो. पण कोपरारक्षकाने घोट्याला हात घातला की सगळे वजन त्याच गुडघ्यावर पिळले जाते. त्यामुळे सुरुवातीचे सत्र ‘स्पर्श चालेल, पकड नाही’ या अटीवर घ्यावे लागते. पुढे आधी सांगून केलेली पकड, त्यानंतर साखळीविरुद्ध चढाई आणि अगदी शेवटी खुला डाव. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडचा सिद्धार्थ देसाई हा प्रो कबड्डीतील नावाजलेला चढाईपटू. त्याचा २०२१-२२ चा हंगाम खांद्याच्या दुखापतीमुळे मोजक्या सामन्यांतच संपला. पुढच्या हंगामात तो तेलुगू टायटन्सकडून पुन्हा चढाया करताना दिसला.

महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण सांगलीच्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाचे आहे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील महिला बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेन हीटकडून खेळताना क्षेत्ररक्षणात तिच्या गुडघ्याचा एसीएल दुखावला. सावरण्यात पाच महिने गेले. त्या काळात कोलंबोतील विश्वचषक पात्रता स्पर्धा हुकली आणि दक्षिण आफ्रिकेतील चौरंगी मालिकाही. त्या मालिकेत तिच्या गैरहजेरीत पूनम राऊत आणि दीप्ती शर्मा यांनी आयर्लंडविरुद्ध ३२० धावांची विक्रमी सलामी दिली होती. म्हणजे परतणाऱ्या खेळाडूची जागा रिकामी राहिलेली नव्हती. तरीही तिला विश्वचषकाच्या संघात घेतले गेले. २४ जून २०१७ रोजी डर्बी येथे इंग्लंडविरुद्ध तिने ७२ चेंडूंत ९० धावा काढल्या आणि पूनमबरोबर १४४ धावांची सलामी दिली. भारताने तो सामना ३५ धावांनी जिंकला. पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध तिने नाबाद १०६ धावा केल्या.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते. पुढच्या सात डावांत मिळून तिच्या ३६ धावा झाल्या. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. परतल्यावरचा पहिला जोर आणि सातत्य या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांतून उघड दिसते. संघ व्यवस्थापनाने तिला नऊच्या नऊ सामन्यांत खेळवले, हा निर्णय तिच्या शतकाइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल. तिच्या पाच महिन्यांचे माप मात्र कोणी स्वतःला लावू नये, कारण प्रत्येक गुडघ्याची इजा आणि उपचार वेगळे असतात.

विदर्भातून वेगवान गोलंदाज उमेश यादवचे उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१२ च्या अहमदाबाद कसोटीत त्याची पाठ दुखावली आणि जून २०१३ च्या चॅम्पियन्स करंडकात तो भारताकडून पुन्हा गोलंदाजीला उतरला. वेगवान गोलंदाजाच्या पाठीचा हिशेब चेंडूंत ठेवतात : आठवड्याला किती चेंडू टाकले, ते मागच्या आठवड्यापेक्षा किती वाढले.

बुलढाणा जिल्ह्याला हा विषय धनुर्विद्येमुळे जवळचा वाटावा. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जागतिक क्रमवारीतील अव्वल माईक श्लोसरला १४९-१४८ असे हरवून कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासह त्याने दक्षिण कोरियाविरुद्ध २३५-२३० असे सांघिक सुवर्ण मिळवले. तिघांपैकी दोघे विदर्भाचे.

धनुर्धराची नेहमीची दुखापत खांद्याची असते. पुरुषांच्या कंपाउंड धनुष्याची ओढ ६० पौंडांपर्यंत असते आणि हीच क्रिया दिवसातून शेकडो वेळा होते. दुखावलेला धनुर्धर आधी रबरी पट्टा ओढतो, मग हलके धनुष्य घेऊन लक्ष्यपत्र नसलेल्या जवळच्या गादीवर बाण सोडतो. तिथे गुण मोजायचे नसतात, फक्त खांदा वर चढतो का ते पाहायचे असते. अंतर आणि पौंड दोन्ही एकदम वाढवत नाहीत. यानंतर येतो संघ. सांघिक लढतीत तिघांना मिळून १२० सेकंदांत सहा बाण सोडायचे असतात, म्हणजे बाणामागे २० सेकंद. आधीचा खेळाडू रेषेमागे आल्याशिवाय पुढचा जात नाही. परतलेल्याने खांदा जपण्यासाठी चार सेकंद जास्त घेतले तर ते शेवटच्या सहकाऱ्याच्या वाट्यातून जातात. एकट्याने ५० मीटरवर उत्तम नेम साधणाराही या घाईत बिथरू शकतो, म्हणून वेळ लावून केलेला संघसराव सर्वांत शेवटी ठेवतात.

राष्ट्रीय संघात खेळाडूने कधी परतायचे हे ठरवायला डॉक्टर, फिजिओ आणि ताकद प्रशिक्षक असतात. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, तालुक्याच्या संघात बहुधा एकटे क्रीडाशिक्षकच असतात आणि मुलाच्या परतण्याची तारीख निवड चाचणीची तारीख ठरवते. हे बदलायला महागडी यंत्रे लागत नाहीत. एका पायावरची उडी मोजायला मीटरपट्टी पुरते, सरावाचा भार लिहायला वही पुरते. क्रीडाशिक्षकांनी दुखापतीतून उठलेल्या मुलाला आल्या आल्या निवड चाचणीत उतरवू नये, आधी काही आठवडे संघासोबत सरावाला ठेवावे; आणि संयोजकांनी अशा मुलाची चाचणी पुढे घेण्याची सोय ठेवावी.