मुंबईचा ज्यू वारसा : ग्रंथ, नियतकालिके आणि कला कोठे शोधावी?

ससून डॉक, डेव्हिड ससून ग्रंथालय, जेकब ससून शाळा, ई. मोझेस मार्ग. मुंबईच्या पाट्यांवर ज्यू नावे इतकी ठळक आहेत, की या समाजाचे ग्रंथ, वृत्तपत्रे, चित्रे आणि ध्वनिमुद्रणे शहरात कोठेतरी एकत्र मांडून ठेवलेली असतील, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात हे सारे साहित्य एका छपराखाली मिळेल असे ठिकाण मुंबईत नाही. ते विखुरलेले आहे. काही सिनेगॉगच्या कपाटांत, काही सार्वजनिक ग्रंथालयांत, काही कुटुंबांच्या ट्रंकांत आणि बरेचसे जेरुसलेम व लंडन येथे. या साहित्यातील फार मोठा भाग मराठीत आहे, ही गोष्ट मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणास ठाऊक नसते.

शोधास निघण्यापूर्वी एक भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. मुंबईत ज्यूंचे दोन प्रमुख समाज नांदले. बेने इस्रायल हे कोकणातले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावे त्या गावांचीच. त्यांची मातृभाषा मराठी. दुसरा समाज बगदादी ज्यूंचा. एकोणिसाव्या शतकात बगदाद व आसपासच्या प्रदेशांतून आलेले हे व्यापारी घरात अरबी बोलत आणि पुढे इंग्रजीकडे वळले. इमारतींवरील नावे बहुतांशी बगदादींची आहेत आणि मराठी पुस्तके बेने इस्रायलांची. हा भेद विसरला, की शोधाची दिशाच चुकते.

काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालय हे त्याचे उत्तम उदाहरण. याची सुरुवात १८४७ मध्ये टांकसाळ व सरकारी गोदीतील तरुण कारागिरांनी स्थापन केलेल्या 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट'ने झाली. डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपयांची देणगी दिली आणि १८७० मध्ये मालाडच्या पिवळसर दगडातली आजची वास्तू उभी राहिली. आत ससून यांचा थॉमस वूलनर यांनी घडविलेला संगमरवरी पुतळा आहे, मागे बाग आहे, वर वाचकांच्या आरामखुर्च्या आहेत. अलीकडेच तिचा जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये वाचनकक्षास जुने रूप परत मिळाले. पण हे ज्यू ग्रंथालय नव्हे, ते सर्व मुंबईकरांसाठी खुले सार्वजनिक वाचनालय आहे आणि दात्याची इच्छाही तीच होती. हिब्रू पोथ्यांच्या आशेने येथे येणारा निराश होईल. शहराच्या इतिहासाचा वाचक होणार नाही. ज्या चौकात ही वास्तू आहे, त्याचे नावही ससून घराण्याच्याच देणगीतून आले. डेव्हिड यांचे पुत्र आल्बर्ट यांनी भेट दिलेला, राजपुत्राचा काळ्या घोड्यावरील पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविण्यात आला. पुतळा गेला, नाव राहिले. तेथे दरवर्षी भरणारा कलामहोत्सव तेच नाव मिरवतो.

तेथून चालत काही मिनिटांवर, फोर्टमध्ये, निळ्या रंगाचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे. जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ ते १८८४ मध्ये बांधले. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये ते पुन्हा खुले झाले. रंगीत काचांच्या खिडक्या, लाकडी सज्जे आणि खांबांवरील नक्षी पाहण्यासाठी अभ्यासकांनी येथे आवर्जून जावे. भायखळ्याचे मागेन डेव्हिड हेही बगदादींचेच. त्याच्या उंच मनोऱ्याखालच्या आवारातील शाळेत आज प्रामुख्याने मुस्लिम मुले शिकतात.

मात्र बेने इस्रायलांचा ठाव घ्यायचा तर मांडवीकडे वळले पाहिजे. सॅम्युअल स्ट्रीटवरील 'शार हाराहमीम' म्हणजे 'दयेचे द्वार' हे मुंबईतील सर्वांत जुने सिनेगॉग. कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये उभारले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यावर त्यांनी केलेल्या नवसाची ही फेड, असे सांगतात. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळास बोलीभाषेत मशीद म्हणत. 'मस्जिद' या रेल्वे स्थानकाचे नाव याच 'जुन्या मशिदी'वरून पडले, असेही सांगितले जाते. सिनेगॉगमधील प्रार्थनाग्रंथ व जुने कागद पाहण्यासाठी विश्वस्तांची पूर्वपरवानगी घ्यावी. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊस लक्ष्य झाल्यापासून सर्वच ज्यू ठिकाणी बंदोबस्त कडक असतो. ओळखपत्र जवळ ठेवावे, छायाचित्रे न विचारता घेऊ नयेत.

मराठीतील छापील वारसा

या विषयाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तो हाच. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायलांना हिब्रू जवळजवळ विसरली होती. ती त्यांना पुन्हा मिळाली, ती मराठीच्या वाटेने. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत छापली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. ते फारसे साधले नाही. शिकलेल्या हिब्रूचा उपयोग बेने इस्रायलांनी आपलाच धर्म वाचण्यासाठी केला. १८४६ मध्ये मुंबईत 'हगादा', म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायची पोथी, हिब्रू व मराठीत शिळाछापावर निघाली. १८६७ पूर्वीच्या मराठी मुद्रित पुस्तकांना ग्रंथसूचीकार 'दोलामुद्रिते' म्हणतात. त्या अर्थी ही पोथी मराठी मुद्रणाच्या पाळण्यातलीच म्हटली पाहिजे. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हगाद्यात चित्रेही आहेत आणि त्यांत बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटकेची कथा इतक्या घरगुती वेशात क्वचितच कोठे रेखाटली गेली असेल. या पोथीची छायाप्रत १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाली.

या पिढीतले मोठे नाव जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचे. डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे एकामागून एक मराठी अनुवाद केले. दुसरे हाईम सॅम्युअल केहिमकर. १८७५ मध्ये त्यांनी आपल्या समाजाच्या मुलांसाठी इस्रायलाईट स्कूल काढले. माझगावची सर एली कदुरी शाळा ती हीच. बेने इस्रायलांचा पहिला सविस्तर इतिहास त्यांनी १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून हातावेगळा केला. छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. मुंबईकराने मुंबईत लिहिलेल्या पुस्तकास मुद्रणासाठी चाळीस वर्षे आणि एक समुद्र ओलांडावा लागला. लेखक तोवर हयात नव्हते.

नियतकालिकांची परंपराही जुनी. बगदादींचे 'दोरेश तोव ले-अम्मो' हे साप्ताहिक हिब्रू लिपीत, पण अरबी बोलीत, १८५५ पासून सुमारे दशकभर मुंबईत निघत होते. बेने इस्रायलांचे 'सत्यप्रकाश' १८७७ मधले. त्यानंतर १९१७ ते १९२७ या काळात मराठी-इंग्रजी 'इस्रायलाईट' आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर 'मक्कबी'. या अंकांतील जाहिराती, लग्नाच्या बातम्या, वाद आणि शोकसंदेश यांतून एका लहान समाजाचे रोजचे जगणे जितके उलगडते, तितके कोणत्याही अहवालातून उलगडत नाही. सलग संच मात्र दुर्मीळ आहेत.

मग शोधावे कोठून? पहिली पायरी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. तीत १८०० ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद आहे. दुसरी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी यांच्या तालिका. तिसरी, १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमधील बेने इस्रायलांवरील नोंद. साहेबी नजरेतून लिहिलेली असली, तरी ती पेहराव, सण व व्यवसायांचे बारीक तपशील देते. चौथी, शर्ली बेरी इझेनबर्ग यांचा 'इंडियाज बेने इस्रायल' हा ग्रंथ (पॉप्युलर प्रकाशन, १९८८). त्यातील संदर्भसूचीच अभ्यासकाचे निम्मे काम करते. येथे न मिळालेली पुस्तके लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत तपासावीत. ब्रिटिश म्युझियममधील मराठी पुस्तकांची ब्लुमहार्टकृत सूची १८९२ मध्येच छापली गेली होती. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१७ मध्ये 'व्हालमादोना' हा प्रसिद्ध संग्रह घेतल्यापासून मुंबईत छापलेल्या ज्यू पुस्तकांसाठी तेही महत्त्वाचे ठिकाण ठरले आहे.

मुंबईहून ग्रंथप्रेम कसे परदेशी गेले, याचे एक लोभस उदाहरण डेव्हिड सॉलोमन ससून यांचे. १८८० मध्ये मुंबईत जन्मलेल्या या मुलाने आठव्या वर्षी आपला पतंग देऊन त्या बदल्यात रूथच्या कथेचे दुर्मीळ छापील पुस्तक मिळविले, असे सांगतात. वडिलांच्या मृत्यूनंतर पेढीचा कारभार सांभाळणाऱ्या त्याच्या विदुषी आई फ्लोरा १९०१ मध्ये लंडनला गेल्या आणि हस्तलिखितांचा तो विख्यात संग्रह तेथेच वाढला. त्यातील सुमारे हजार वर्षांपूर्वीचा हिब्रू बायबलचा ग्रंथ २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरना विकला जाऊन तेल अवीवच्या संग्रहालयात गेला. हा ग्रंथ ससून यांनी १९२९ मध्ये घेतलेला, त्यामुळे मुंबईशी त्याचा संबंध नावापुरता.

कीर्तन, पडदा आणि कुंचला

बेने इस्रायलांची सर्वांत अस्सल कला कोणती, तर कीर्तन. १८८० च्या सुमारास त्यांनी हरिकीर्तनाचा साचा जसाच्या तसा उचलला. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, टाळ, पेटी सारे तेच. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. त्यासाठी मंडळी स्थापन झाली, आख्याने छापली गेली. नंतर ही परंपरा मुख्यतः स्त्रियांनी टिकविली. मलिद्याच्या विधीत, पोहे, खोबरे, साखर व फळांच्या ताटापुढे संदेष्टा एलिया याची जी गीते म्हणतात, त्यांतही मराठी आहे. मुंबईत १९३० च्या दशकात निघालेल्या ज्यू गीतांच्या तबकड्या सारा मनाशे यांनी 'शीर होदू' या नावाने पुन्हा प्रकाशात आणल्या आहेत. कीर्तनाचे ध्वनिमुद्रण मात्र जेवढे व्हावयास हवे होते तेवढे झाले नाही आणि चाली ठाऊक असलेल्या वृद्धा आता मोजक्याच उरल्या आहेत. ग्रंथ शंभर वर्षांनी सापडू शकतो, चाल सापडत नाही.

चित्रपटाविषयी बरेच लिहिले गेले आहे. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स (फाळके पुरस्कार १९७३), प्रमिला, नादिरा आणि 'बूट पॉलिश'मधील जॉन चाचा रंगविणारे, ठाण्यात जन्मलेले डेव्हिड अब्राहम चेऊलकर ही नावे परिचित आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) ज्यांच्या नाटकावर बेतला, ते जोसेफ डेव्हिड पेणकर मात्र विस्मृतीत गेले. त्या चित्रपटाची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही नाही. या कलावंतांवरील 'शालोम बॉलिवूड' हा माहितीपट २०१७ मधला.

हिटलरच्या छळामुळे मुंबईत आलेल्यांनीही या शहरास काही दिले. वॉल्टर कॉफमन यांनी आकाशवाणीत काम केले. पहाटे ऐकू येणारी ती संकेतधून त्यांचीच मानली जाते. त्यांची कागदपत्रे आज अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात आहेत. समीक्षक रुडी फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युअल श्लेसिंजर आणि ज्यू पत्नीसह व्हिएन्ना सोडून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी हुसेन, रझा, आरा यांच्या पिढीस पाठबळ दिले. मुंबईतच वाढलेल्या सियोना बेंजामिन यांच्या चित्रांत बायबलमधील स्त्रिया निळ्या वर्णाच्या दिसतात. कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) इंग्रजीत लिहीत, पण इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवादही त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह केले.

इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुसंख्य बेने इस्रायल तिकडे गेले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा संपूर्ण देशात त्यांची संख्या जेमतेम पाच हजारांच्या घरात होती. मुंबई परिसरातील मोठी वस्ती आता ठाण्याकडे आहे. तेथील सिनेगॉग १८७९ चे. पुस्तके गेली, वाचकही गेले, तरी मराठी सारीच गेली नाही. नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली इस्रायलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले. पेणकर-रोहेकरांच्या नातवंडांची भाषा हिब्रू झाली असताना मराठीत लेख मागविण्याचे काम तेथे चालले. मुंबईच्या अभ्यासकाने जुने अंक शोधताना हे अंकही पाहावेत. स्थलांतरितांच्या आठवणींत भायखळा, उमरखाडी आणि जेकब सर्कल येथील गल्ल्यांचे, शाळांचे आणि सणांचे असे तपशील सापडतात, जे मुंबईत आता विचारायला माणूस उरलेला नाही.