कारंजा ते मुंबई, व्हाया नागपूर

नागपूर आणि मुंबई विमानतळांमध्ये नकाशावर सरळ रेघ मारली, तर ती वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या अगदी जवळून जाते. पण कारंजेकराला मुंबईचं विमान गाठायचं, तर वर्षानुवर्षं तो आधी पावणेदोनशेहून अधिक किलोमीटर उलटा, पूर्वेला जातो. मग दीड तासाच्या उड्डाणातली पहिली वीसेक मिनिटं तेच अंतर परत कापण्यात जातात.

ही उलटी चाल नवी नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेतलं. अजिंठा इथून सरळ रेषेतच दीडशेवर किलोमीटर. त्या काळी सत्ता इथे होती, म्हणून रस्तेही इथूनच निघत असणार. राजधानी गेली आणि वाशिम दुसऱ्यांच्या वाटेवरचं गाव झालं.

१८६७ साली जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली, ती अकोला-मूर्तिजापूरवरून, म्हणजे वाशिमला दक्षिणेला ठेवून. कारंज्याच्या वाट्याला आली ती मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, आपली शकुंतला. किलिक निक्सन कंपनीनं कापसासाठी टाकलेले हे ११३ किलोमीटर रूळ. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत राबलं. एवढं इमान आताच्या कुठल्या वाहनाकडून मिळेल, शंकाच आहे. मात्र शकुंतलेत बसून मुंबई जवळ येत नसे. मूर्तिजापूरला उतरायचं आणि मेन लाइनच्या गाडीची वाट बघायची. खुद्द वाशिमला रेल्वे होती, पण मीटरगेज. ब्रॉडगेज झालं २००८ मध्ये.

विमानं मात्र डोक्यावरून कधीचीच जात होती. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपालाची विमानं सुटत, मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्या आणि प्रवासी बदलून पहाटे परतत. त्यांतलं मुंबईचं विमान वऱ्हाडावरूनच जाई. वऱ्हाडातलं पत्र मात्र आगगाडीनं निघे.

हिशोब खरा फिरवला तो समृद्धी महामार्गानं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे. एकूण ७०१ किलोमीटर. विमानाची सरळ रेषा सुमारे ६८०. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव अशा ठिकाणी त्यावर चढता येतं. कारंज्याहून कारनं मुंबईच्या वेशीवर पाच-सहा तासांत पोचता येतं. नागपूरला जाणं, तासभर आधी हजेरी, तपासणी आणि मग उड्डाण धरलं, तर विमानाचीही जवळपास तेवढीच बेरीज होते. तिकिटाचे पैसे वेगळे.

अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून प्रवासी विमान सुटण्याची वाट बघण्यात एक पिढी गेली. अखेर १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून एटीआर विमान मुंबईला उडालं; वेळ पावणेदोन तास, सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. कारंज्याला ते सोयीचं आहे. रिसोडच्या माणसाला मात्र त्यासाठी अख्खा जिल्हा ओलांडून पुन्हा उत्तर-पूर्वेलाच जावं लागतं. तो रात्रीची ट्रॅव्हल्स पकडतो.