ग्रीनफील्डची मोटारगाडी

मोटारगाडीचा इतिहास निघाला की हेन्री फोर्ड यांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते रास्तच आहे. १९०८ ते १९२७ या काळात त्यांच्या ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटीहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. परंतु त्याच काळात अमेरिकेत शेकडो लहान कारखाने मोटारी बांधीत होते आणि त्यांपैकी बहुतेकांची नावेही आता कोणाच्या स्मरणात नाहीत. ओहायओ राज्यातील ग्रीनफील्ड या लहानशा गावातील ‘सी. आर. पॅटरसन अँड सन्स’ हा त्यांपैकीच एक. उण्यापुऱ्या तीन वर्षांत त्याने फार तर दीडशे मोटारी बांधल्या. त्यांतील एकही आज शिल्लक असल्याचे ज्ञात नाही. तरीही या कारखान्याची कहाणी सांगण्याजोगी आहे; कारण कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मालकीचा, मोटारी बांधणारा तो अमेरिकेतील पहिला कारखाना होता.

या कहाणीचा आरंभ ऐरणीपाशी होतो. चार्ल्स रिचर्ड पॅटरसन यांचा जन्म १८३३ साली व्हर्जिनियात झाला. तेथे तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती; ओहायओत तिला थारा नव्हता. ग्रीनफील्डला आलेले चार्ल्स लोहारकाम शिकले, मग घोडागाड्या बांधण्याच्या धंद्यात शिरले. उत्तम बग्गी बांधणे हे अनेक हातांचे काम. लाकडी आरे नेमके बसले पाहिजेत, लोखंडी धाव तापवून चाकावर चढवली पाहिजे, टप पावसात गळता कामा नये आणि रंगाचे हात एकावर एक धीराने दिले पाहिजेत. चार्ल्स यांनी या कामात नाव मिळवले. १८७३ साली त्यांनी जे. पी. लो या गौरवर्णीय गृहस्थांशी भागीदारी केली. वीस वर्षांनी, १८९३ साली, देशात आर्थिक मंदी असतानाही त्यांनी भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. कारखान्याच्या पाटीवर आता पॅटरसन हे नाव आले.

व्यवसायात मान मिळाला म्हणून समाजात मिळतोच असे नाही. मुलगा फ्रेडरिक याच्यासाठी गावच्या हायस्कूलचे दार उघडेना, तेव्हा या लोहाराने शाळामंडळाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १८८८ साली फ्रेडरिक त्याच हायस्कूलमधून उत्तीर्ण झाला. तेथून शिक्षण पुरे करणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढे तो ओहायओ राज्य विद्यापीठात गेला आणि १८९१ साली तेथील फुटबॉल संघात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

त्या काळाचा विचार करताना आपण कॅथलिकांनीही अंतर्मुख व्हावयास हवे. ऑगस्टस टोल्टन या गुलामगिरीत जन्मलेल्या तरुणाला धर्मगुरू व्हावयाचे होते. परंतु अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्याला प्रवेश दिला नाही. अखेर रोममध्ये शिक्षण घेऊन १८८६ साली त्याला तेथेच गुरुदीक्षा मिळाली. ख्रिस्तसभेने २०१९ साली त्यांना ‘व्हेनरेबल’ म्हणून गौरविले. दारे केवळ शाळांचीच बंद होती असे नाही.

फ्रेडरिक केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे शिक्षक होता. भाऊ सॅम्युएल आजारी पडल्याने १८९७ साली तो नोकरी सोडून कारखान्यात परतला. वीसहून अधिक प्रकारच्या घोडागाड्या तेथे बनत. त्यांत डॉक्टरांसाठी बांधलेल्या बग्गीला विशेष मागणी असे. १९१० साली चार्ल्स यांचे निधन झाले आणि सारा भार फ्रेडरिक यांच्यावर आला. तोवर रस्त्यावर मोटारी दिसू लागल्या होत्या. घोड्यांचे दिवस संपत आल्याचे त्यांनी ओळखले. आरंभी कारखान्यात इतरांच्या मोटारींची दुरुस्ती व रंगकाम होऊ लागले. गाडी खोलता-जोडताना कारागिरांना तिची रचना उमगत गेली.

२३ सप्टेंबर १९१५ रोजी ‘पॅटरसन-ग्रीनफील्ड’ ही पहिली मोटार कारखान्याबाहेर पडली. तिला काँटिनेंटल कंपनीचे चार सिलिंडरचे, तीस अश्वशक्तीचे इंजिन होते. दिवे विजेचे होते आणि गाडी सुरू करण्यासाठी हातातील दांडा फिरवावा लागत नसे. किंमत ८५० डॉलर. गाडी चांगली होती. बांधणाऱ्यांच्या हातात चाळीस वर्षांचा अनुभव होता. परंतु फोर्ड यांनी १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू केली होती. एका गाडीच्या सांगाड्याच्या जोडणीला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम आता सुमारे दीड तासात होऊ लागले. १९१६ साली त्यांची गाडी ३६० डॉलरला मिळू लागली. हातकारागिरीने, थोड्या भांडवलावर चालणाऱ्या कारखान्याचा त्यापुढे निभाव कसा लागणार? १९१८च्या सुमारास पॅटरसन मोटारींचे उत्पादन थांबले.

फ्रेडरिक यांनी मात्र कारखान्याला कुलूप लावले नाही. इंजिन आणि सांगाडा मोठ्या कारखान्यांनी खुशाल बनवावा. त्यावर बॉडी बांधण्याची विद्या आपल्या घरची आहे, हे त्यांनी जाणले. १९२० साली ‘ग्रीनफील्ड बस बॉडी कंपनी’ स्थापन झाली. ज्या फोर्ड गाड्यांनी त्यांना बाजारातून हटवले, त्यांच्याच सांगाड्यांवर ते ट्रकच्या व बसच्या बॉड्या बांधू लागले. त्यांतील पुष्कळशा बसगाड्या शाळेच्या मुलांसाठी होत्या. खेड्यापाड्यांतील मुले त्यांत बसून शाळेत जाऊ लागली.

वाचकहो, या कहाणीचे मर्म मला येथे दिसते. ज्या मुलाला शाळेच्या दारात अडवले गेले, त्याने मोठेपणी इतरांच्या मुलांना शाळेच्या दारापर्यंत नेणारी वाहने बांधली. त्या मुलांत गोरी मुलेही होतीच. अन्यायाची परतफेड याहून सुंदर ती काय असणार? क्षमा म्हणजे झालेला अन्याय विसरणे नव्हे. चार्ल्स पॅटरसन न्यायालयात गेले, हक्क मागितला, तो मिळवला. आणि त्यानंतर पितापुत्रांनी आयुष्य कटुतेत न घालवता कामात घालवले.

१९२९ नंतरच्या महामंदीने धंदा खालावला. १९३२ साली फ्रेडरिक वारले आणि १९३९ साली कारखाना कायमचा बंद झाला. २०२१ साली अमेरिकेच्या ‘ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम’ने पितापुत्र दोघांचाही मरणोत्तर सन्मान केला.

नाझरेथच्या सुताराने घडवलेली एकही वस्तू आज जगात उरलेली नाही. तरीही त्याच्या कष्टांचे पावित्र्य ख्रिस्तसभा दर वर्षी १ मे रोजी स्मरते. पॅटरसनांच्या मोटारीही उरल्या नाहीत. त्यांच्या बसमधून शाळेत गेलेली मुले मात्र शिकली, मोठी झाली. त्यांच्या हातांची खूण तेथे शोधावी.