ट्रू म्हणजे १, आणि हवे होते २

गेल्या आठवड्यात एका जुन्या प्रोजेक्टचा पीएचपी कोड चाळत होतो. पेमेंटच्या भागात एक ओळ दिसली, व्हेरिफायहोस्ट ट्रू. म्हटलं छान, समोरचा सर्व्हर खरा आहे का ते तपासतोय. पुढे जाणार तेवढ्यात ट्यूब पेटली. अरे, ही तर ती (कु)प्रसिद्ध ओळ!

तर मंडळी, गोष्ट अशी. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गची लिबकर्ल ही लायब्ररी २००० साली आली. भाषा सी. सी मध्ये फंक्शनला नावानिशी पॅरामीटर देता येत नाहीत, मग ढीगभर सेटिंग्ज द्यायच्या कशा? त्याने एकच फंक्शन ठेवलं, सेटऑप्ट. आधी ऑप्शनचं नाव, मग व्हॅल्यू. उद्या नवीन ऑप्शन आलं तरी फंक्शन तेच, जुने प्रोग्राम मोडत नाहीत. सी पुरतं झकास.

त्यातलं व्हेरिफायहोस्ट दिसायला हो-नाही, पण व्हॅल्यू तीन. ० म्हणजे तपासू नको. २ म्हणजे सर्टिफिकेटवरचं नाव साइटशी जुळतंय का बघ. आणि १? सर्टिफिकेटवर काहीतरी नाव आहे ना, एवढंच बघ! म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने आयकार्डवर नाव छापलेलं दिसलं की कुणालाही आत सोडावं, तसं.

पीएचपीने सेटऑप्ट जवळजवळ जसंच्या तसं उचललं. पण पीएचपीवाला सहज ट्रू लिहितो आणि त्या ट्रूचा आत गेल्यावर १ होतो. तेव्हा एरर नव्हती, काही नव्हतं. २०१२ साली टेक्सस आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असा कोड तपासला, तर अ‍ॅमेझॉनच्या फ्लेक्सिबल पेमेंट्सच्या पीएचपी लायब्ररीतही हेच सापडलं. पैशांचा मामला, बोला आता! त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या कर्ल ७.२८.१ ने १ दिल्यावर एरर द्यायला सुरुवात केली. २०१९ च्या ७.६६.० पासून १ चा अर्थही २ च.

माझ्या मते घोळ सेटऑप्टचा नाही, ते न बदलता दुसऱ्या भाषेत नेण्याचा आहे. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये बघा, व्हेरिफाय ट्रू म्हणजे खरंच ट्रू. गो मध्ये न लिहिलेलं बुलियन आपोआप फॉल्स असतं, म्हणून तिथे ऑप्शनचं नावच उलटं आहे, इनसिक्युअरस्किपव्हेरिफाय. विसरलात तरी तपासणी चालूच.

असो. ती ओळ मी काढून टाकली. डिफॉल्ट २ च आहे. लिहिणाऱ्याने काळजी घेतली नसती, तर सगळं नीट चाललं असतं.