कबुतर, उंदीर आणि आईचा खुबा

मुलुंडच्या आमच्या घरी खिडकीच्या ग्रिलमध्ये कबुतरानं अंडी घातली, त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. निदान झालं ऑस्टिओपोरोसिसचं. रजोनिवृत्तीनंतर बाईचं हाड विरळ होत जातं, ते. मी वैद्यक शिकलेली नाही; जुनी नियतकालिकं चाळण्याचा नाद आहे, इतकंच. आईच्या उशाशी बसून या दुखण्याचा इतिहास शोधू लागले, तर सुरुवातीलाच कबुतर भेटलं.

१९३४ साली शिकागोच्या प्रेस्टन काइज आणि ट्रूमन पॉटर यांनी नोंदवलं, की अंडी घालण्याच्या सुमारास कबुतराच्या मादीच्या हाडांच्या पोकळीत नवं हाड भरून येतं. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम पुरवून ते विरतं. बॉस्टनचे डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांना ही नोंद ठाऊक होती. त्यांच्याकडच्या हाडं विरळ झालेल्या, पासष्टीच्या आतल्या ४२ रुग्णांपैकी ४० जणी पाळी गेलेल्या बायका होत्या. त्यांनी सांगड घातली: इस्ट्रोजेन हाड बांधतं, ते आटलं, की बांधकाम थांबतं.

सांगड बरोबर, कारण चुकलेलं. बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः हाडाची झीज आवरून धरतं, हे पुढे कळलं. पोकळीत हाड साठवणं ही पक्ष्यांची सोय. आपल्यात ती नाहीच. कबुतरानं वाट दाखवली आणि थोडी चुकवलीही.

मग उंदरीण आली. १९६९ मध्ये सॅव्हिल यांनी अंडाशय काढलेली उंदरीण या आजाराचा नमुना म्हणून मांडली. स्वस्त, आटोपशीर आणि हाड खरोखरच विरळ होतं. पण तिची पाळी नैसर्गिकरीत्या जात नाही, कारण तिला पाळीच नसते. तिची हाडं प्रौढपणीही बराच काळ वाढत राहतात आणि हाडाच्या कठीण कवचाची आपल्यासारखी आतून डागडुजी होत नाही. शिवाय तिचं हाड आपसूक मोडत नाही. आईचं मोडलं.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते फ्लोराइडनं दाखवलं. अमेरिकेत २०२ बायकांवर चार वर्षं झालेल्या चाचणीचा निकाल १९९० मध्ये आला. कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणके मोडायचे फारसे कमी झाले नाहीत. इतर हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. हाड दाट झालं, पण मजबूत नव्हे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सुचवलं, की नवं औषध उंदरिणीबरोबर एका मोठ्या प्राण्यातही तपासा आणि हाडाची ताकदही मोजा. मोठा प्राणी म्हणजे बहुधा माकड किंवा मेंढी. (माकडांची निर्यात भारतानं १९७८ मध्येच बंद केली होती, बोरिवलीच्या उद्यानातल्या माकडांना त्याचं काय!)

माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. आईच्या रिपोर्टनंतर मीही घनता मोजून घेतली. आकडा ‘सीमारेषेवर’ आला. ‘म्हणजे मोडेल का?’ असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ‘ते हा आकडा एकटा सांगत नाही.’ न्हाणीघरात आता दांडा बसवलाय. ग्रिलमधली पिल्लं अजून उडालेली नाहीत.