सावित्रीच्या काठाने

पोलादपूरच्या माणसाला सावित्री नदीचे कौतुक नसते. घरातल्या थोरल्या बाईसारखी ती रात्रंदिवस जवळ असते आणि म्हणूनच तिची कोणी विचारपूस करीत नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र आमच्या सौभाग्यवतीने एकदम प्रश्न टाकला, "अहो, जन्मभर हिचं पाणी प्यायलो. ही समुद्राला मिळते कुठं, ते एकदा दाखवा की!"

बावीस वर्षे मुलांना इतिहास-भूगोल शिकवणारा मी. पण महाडच्या खाली नदीचे काय होते ते मी नकाशावरच पाहिले होते. धनत्रयोदशीच्या पहाटे दशम्यांचे गाठोडे घेऊन आम्ही उभयता एस.टी.त बसलो. महाड, मग म्हाप्रळ आणि तेथून मंडणगडच्या डोंगरांतून बाणकोट.

वाचकहो, हा रस्ता आजचा. खरा जुना रस्ता नदीचा! क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री डोंगर उतरून पोलादपुराशी येते, महाडापुढे तिची खाडी होते आणि बाणकोटाशी ती सागराला मिळते. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून पार घाटाने खाली यायचा आणि महाडच्या बंदरात गलबतांवर चढायचा. महाडाजवळची गांधारपाल्याची लेणी याच वाटेवरची आहेत. पुढे साहेब लोक आले, तेही याच वाटेने. मुंबईहून गलबताने बाणकोट, खाडीने महाड किंवा दासगाव, मग मेण्यात बसून पार घाटाने महाबळेश्वरची थंड हवा. आंबेनळीचा घाट १८७६ साली झाला. तोवर डोंगर भोयांच्या खांद्यावर आणि पाणी नावाड्यांच्या वल्ह्यावर, असा प्रवास होता.

या साहेबांपैकी एकाचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी आहे. महाबळेश्वरचा आर्थर सीट पाहिला नाही असा सहलीचा मास्तर विरळा! हा आर्थर म्हणजे मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी आर्थर मॅलेट. त्याचे वडील सर चार्ल्स मॅलेट पुण्यात पेशवे दरबारी इंग्रजांचे वकील होते; भाऊ ह्यू मॅलेट याने १८५० साली माथेरान उजेडात आणले. आर्थरने त्या कड्यावर प्रथम घर बांधले, म्हणून ते नाव पडले अशी जुनी नोंद आहे. वाटाडे मात्र निराळी कथा सांगतात. बायको व मूल बुडाल्यावर तो त्या कड्यावर बसून खालच्या सावित्रीकडे तासन् तास पाहत राही, म्हणे.

तो तेथे बसे की नाही हे देव जाणे; पण बुडण्याची गोष्ट खरी आहे. १८५३ साली बाणकोटच्या खाडीत नाव उलटली आणि मॅलेटची पत्नी सोफिया व बत्तीस दिवसांची एलन ही मुलगी पाण्यात गेली. पुराणातल्या सावित्रीने यमाकडून आपला नवरा परत आणला. ह्या गृहस्थाची बायको मात्र सावित्रीनेच नेली.

दुपारी आम्ही बाणकोटच्या किल्ल्यावर पोहोचलो. १७५५ साली कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. आपला त्याआधीचा हिंमतगड तो हाच. खाली खाडीचे रुंद तोंड, पलीकडे हरिहरेश्वराचा डोंगर. आमच्या पोलादपुरात उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडावी ती हीच नदी, हे मनाला पटेना. मॅलेटने बायको-मुलीचे स्मारक याच परिसरात उभारले आहे. मी ती हकिकत सौभाग्यवतीला सांगितली. एकंदर तेरा नावाडीही त्या रात्री बुडाले, हेही सांगितले.

"त्यांची नावं काय हो?" तिने विचारले.

मी मास्तर. रोज सकाळी हजेरी घेतो. एखादा गैरहजर असला तरी त्याचे नाव उच्चारल्यावाचून पुढे जात नाही. आणि या तेरा जणांची हकिकत मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत होतो ती 'तेरा' या आकड्यावर थांबवून! बाईचे नाव आहे, महिन्याच्या तान्ह्या पोरीचे नाव आहे; ज्यांच्या हाती वल्ही होती त्यांची फक्त मोजदाद. त्यांनाही बायका असतील. किनाऱ्यावर त्याही उभ्या राहिल्या असतील; पण त्यांच्या बसण्याच्या जागेला कोणी नाव दिले नाही.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. महाडला नव्या पुलापाशी गाडी आली तशी दोघेही गप्प झालो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथलाच १९२८ सालचा पूल महापुरात कोसळला आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन एस.टी. गाड्या नदीने नेल्या. पुढे कित्येक दिवस शोध चालला, तो पार खाडीच्या मुखापर्यंत. त्या वेळीही काठच्या लोकांनी होड्या पाण्यात घातल्या होत्या. एवढे मात्र बरे, की या वेळी गेलेल्यांची नावे वर्तमानपत्रांत छापून आली. त्यांत चालक-वाहकही होते. दीडशे वर्षांत आपण निदान एवढे शिकलो.

घरी पोहोचलो तो यमदीपदानाची वेळ. दरवर्षी कणकेचा एक दिवा दक्षिणेकडे वात करून ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. मी पाय धुऊन ओसरीवर आलो तर सौभाग्यवती परातीत कणीक मळत बसलेली.

"एवढी कणीक कशाला?" मी विचारले.

"तेरा जास्त करतेय," ती म्हणाली, "नावं ठाऊक नसली म्हणून काय झालं? यमाला असतील की!"