उसना कर्व्ह चालत नाही: वऱ्हाडचं ऊन आणि निगेटिव्हचा इतिहास

आजचा विषय तांत्रिक वाटेल, पण आहे तो इतिहासाचाच. संगणकावर निगेटिव्ह तयार करायची, पारदर्शक फिल्मवर छापायची, हाताने रसायन लावलेल्या कागदावर ती दाबून ठेवायची आणि उन्हात फोटो उतरवायचा. सायनोटाइप, सॉल्ट प्रिंट, प्लॅटिनम प्रिंट ही जुनी तंत्रं आज जगभर अशी पुन्हा वापरली जातात. यातली कळीची गोष्ट म्हणजे निगेटिव्ह त्या कागदाच्या मापाने बेतणं. आमचं म्हणणं एवढंच, की हे बेतणं नवं नाही. आणि अमरावती-अकोल्यात छापायचं असेल, तर ते इथेच बेतावं लागतं.

सुरुवात शेजारून करू. अजिंठा वऱ्हाडच्या अगदी सीमेला लागून. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये तिथल्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण तोवर त्याने कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनबरोबर त्याचं लेण्यांवरचं पुस्तक आलं, त्यात ७४ छायाचित्रं होती. त्याच दशकात त्याने आपल्या वऱ्हाडातल्या लोणारला जाऊन दैत्यसूदन मंदिराचे फोटो घेतले.

तेव्हाची छपाई कशी असायची? काचेची निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद निगेटिव्हला भिडवून चौकटीत बसवायचा आणि उन्हात ठेवायचा. कागद डोळ्यांदेखत काळा होत जातो. आता गंमत बघा. सावलीचा भाग आधी काळा होतो, आणि तोच काळेपणा खालच्या रसायनाला उन्हापासून झाकतो. त्यामुळे या कागदाला काळ्या-पांढऱ्यातलं अंतर खूप मोठं असलेली निगेटिव्ह लागते. छायाचित्रकार काच धुतानाच हा हिशेब धरायचा. म्हणजे निगेटिव्ह कागदासाठी घडवली जायची, फक्त माप नजरेचं होतं.

त्या नजरेला आकडे दिले ते इंग्लंडमधल्या विडनेस गावच्या दोघांनी. फर्डिनांड हर्टर रसायनतज्ज्ञ, व्हेरो ड्रिफिल्ड इंजिनिअर. १८९० मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की प्रकाश किती दिला आणि काच किती काळी झाली, याचं नातं आलेखावर मांडता येतं. तो आलेख इंग्रजी 'एस'सारखा वळतो: सुरुवातीला आळशी, मध्ये सरळ, शेवटी पुन्हा मंद. 'डेन्सिटी' हे माप त्यांच्याच कामातून रुळलं.

पुढे कारखान्यांनी तयार कागद आणला, तोही वेगवेगळ्या ग्रेडचा. निगेटिव्ह फिकी असेल तर कडक कागद घ्या, कडक असेल तर मऊ. आता निगेटिव्हने कागदाकडे बघायची गरज उरली नाही. काम सोपं झालं, पण जुनं बेतणं बहुतेकांच्या हातून गेलं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या डॅन बर्कहोल्डर यांनी संगणकावरून निगेटिव्ह काढण्याची रीत मांडली. १९९५ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. पुढे इंकजेट प्रिंटरने ती रीत घराघरात नेली.

आता ही रीत थोडक्यात बघू. आधी कोरी फिल्म कागदावर ठेवून निरनिराळे वेळ ऊन द्यायचं. फिल्मखालचा भाग आणि उघडा भाग सारखेच गडद दिसू लागले, की त्यातला सगळ्यात कमी वेळ तो आपला वेळ. तो पुन्हा बदलायचा नाही. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ किंवा ३१ पायऱ्यांची पट्टी छापायची. सरळ छापली तर गडद पायऱ्या एकमेकींत मिसळतात, नाहीतर उजळ पायऱ्या कोऱ्याच राहतात. प्रत्येक पायरी मोजायची, चूक कुठे किती ते काढायचं आणि संगणकात तेवढीच उलटी दुरुस्ती द्यायची. ही दुरुस्ती म्हणजे कर्व्ह. शेवटी पट्टी पुन्हा छापून ताळा करायचा.

इंटरनेटवर तयार कर्व्ह फुकट मिळतात. मग ही खटपट कशाला? कारण कर्व्हमध्ये शाई असते, कागद असतो, पाणी असतं आणि हवाही असते. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लावलेला थर बघता बघता सुकतो. प्लॅटिनमसारख्या तंत्राला कागदात थोडी ओल लागते, ती तिथे टिकत नाही. श्रावणात तोच कागद दमट होतो. वैशाखातला कर्व्ह श्रावणात चालत नाही, तर थंड देशातला कसा चालेल?

यात पणाला लागतात ती माणसं. जुन्या काचांना निळा प्रकाश जास्त दिसायचा, लाल-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे सावळी कातडी होती त्याहून काळी उमटे आणि आकाश कोरं पांढरं. आज कापसाच्या ढिगाशेजारी उभा असलेला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. पांढरं धोतर, पांढरा कापूस, डोक्यावर दुपट्टा आणि दुपट्ट्याच्या सावलीत चेहरा. कर्व्ह चुकला तर कापूस छान येतो आणि चेहरा काळा डाग होतो. चेहऱ्यासाठी जास्त उजळ केलं, तर कापसाचा तंतू हरवतो. दोन्ही एका कागदावर हवं असेल, तर गडद पायऱ्यांमधलं अंतर इथल्या उन्हात, इथल्या चेहऱ्यांवर तपासूनच ठरवावं लागतं. विसाव्या शतकात रंगीत छपाईची मोजणी बराच काळ गोऱ्या मॉडेलच्या फोटोवर होत असे, आणि सावळ्या चेहऱ्यांचं काय झालं ते जगाने पाहिलं. मोजपट्टी कुणाला समोर धरून केली, हा प्रश्न साधा नाही.

अमरावती-अकोल्याच्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांचे फोटो असतात, कुठे काचेच्या निगेटिव्हही असतात. त्या स्कॅन करून संगणकात ठेवणं चांगलंच. पण डिस्क बिघडते, फाइल उघडेनाशी होते. नीट धुतलेला सुती कागदावरचा प्लॅटिनम प्रिंट मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतो. तेव्हा आपल्याकडे असं छापायला बसणाऱ्याने एक वही करावी. महिना, वेळ, कागद, हवेतली ओल आणि त्या दिवशीची पट्टी, सगळं तारखेनिशी नोंदावं. वर्षभरात वऱ्हाडच्या उन्हाचा स्वतःचा हिशेब तयार होईल. गिलच्या काळी तो छायाचित्रकाराच्या नजरेत असायचा आणि त्याच्याबरोबरच जायचा. आपण तो पुढच्यांसाठी लिहून ठेवू शकतो.